शलाका-४० : निर्वातातल्या सैनिकाच्या हातात नेमकं काय द्यावं?

उल्कापात

मंचावरच्या मंडळींनो, एका दीर्घकथेसाठी रायफल रचतोय. काळ २१८० च्या आसपासचा. लढाई चंद्र, मंगळ आणि सेरेस या बटुग्रहावरच्या खाणवसाहतींमध्ये. सैनिक जवळजवळ कायम दाबसूटमध्ये. रायफलीचं नाव शलाका-४०. आराखडा असा:

दारू नाही, काडतूस नाही. नळीभोवती तांब्याच्या वेटोळ्यांची रांग, तिच्यातून विद्युतचुंबकीय जोराने एक ग्रॅमची पोलादी सुई सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने सुटते. सुईला मागे चार पंख. मॅगझिन नळीच्या वर आडवं, ४० सुयांचं, पारदर्शक. मांडणी बुलपप, म्हणजे सगळी यंत्रणा चापाच्या मागे, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यातच. त्यामुळे एकूण लांबी फक्त ७० सेंटिमीटर. नेम हेल्मेटच्या काचेवर दिसतो. चाप दाबून धरायचा, पण सुई सुटते ती नेम लक्ष्यावर बसल्याचं रायफलीला पटलं की मगच. बॅटरी एक किलोची, दस्त्याच्या टोकाला. एकूण वजन साडेचार किलो.

माझं मत थोडं भांडखोर आहे. दीडशे वर्षांनंतरची रायफल आजच्या रायफलीला दोन दिवे चिकटवल्यासारखी दिसत असेल तर लेखकाने आळस केला असं मी समजतो. विरोधात लिहा. कौतुकाचं मी माझं बघून घेईन.

तिरकस

मॅगझिन पारदर्शक असल्यामुळे उरलेल्या सुया शत्रूलाही मोजता येतील. बाकी छान.

काटकोन

असहमत. हिशोब मांडतो.

एक ग्रॅम आणि दोन किमी प्रति सेकंद, म्हणजे सुईत २,००० ज्यूल. आजच्या ५.५६ मिमी गोळीत नळीच्या तोंडाशी साधारण १,७५० ज्यूल असतात, तेव्हा तुमची मागणी अवाजवी नाही. पण हातात धरता येतील अशा वेटोळ्यांच्या बंदुका घेतलेल्या विजेतला फार थोडा हिस्सा गोळीला देतात. मी उदार होऊन दहा टक्के धरतो. म्हणजे एका सुईमागे २०,००० ज्यूल खर्च, त्यातले १८,००० उष्णता. ती बहुतेक सगळी तांब्यात बसणार. रायफलीत एक किलो तांबं असेल तर दर सुईमागे ते ४७ अंशांनी तापतं. पाच सुयांत वाढ सव्वादोनशेच्या वर. तारेवरच्या विद्युतरोधक इनॅमलच्या लेपाचा दमच दोनशे ते सव्वादोनशे अंशांपर्यंत असतो. सहाव्या वेळी सुईऐवजी धूर निघेल.

वर तुम्ही हिला निर्वातात नेताय. तिथे वारा नाही, उष्णता जाणार ती फक्त प्रारणाने. ०.१ चौरस मीटर काळ्या पृष्ठभागातून २०० अंशांना सुमारे २८० वॉट बाहेर पडतात. म्हणजे एका सुईची उष्णता घालवायला मिनिटभर. मिनिटाला एक वार! तोड्याची बंदूक भरणाराही एवढी मजल मारायचा.

दारूची बंदूक इथेच बाजी मारते. ५.५६ च्या काडतुसात सुमारे १.७ ग्रॅम दारू असते. तिच्या ऊर्जेतला तिसरा हिस्सा गोळीला मिळतो, आणि उरलेल्यातली बरीचशी उष्णता तापलेल्या वायूबरोबर नळीच्या तोंडातून निघून जाते. थोडी उष्णता पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, घेऊन उडते. तुमच्या शलाकेत उष्णता बाहेर फेकायची सोयच नाही.

आणि ‘निर्वातात दारू पेटणार नाही’ असं कुणी म्हणायच्या आत: लागणारा प्राणवायू दारूतल्या नायट्रोसेल्युलोजच्या रेणूतच असतो, बाहेरची हवा लागत नाही. सोव्हिएत सॅल्युत-३ या अंतराळस्थानकावर एक छोटी तोफ बसवलेली होती आणि जानेवारी १९७५ मध्ये ती कक्षेत चालवूनही पाहिली गेली.

विजेरी

काटकोनराव, आकडेमोड पटली, निष्कर्ष नाही पटला.

मंगळावर दारू करणार कशाची? नायट्रोसेल्युलोजला सेल्युलोज लागतो, म्हणजे आधी शेती. मग नायट्रिक आम्ल. मंगळाच्या विरळ हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन तीन टक्क्यांहूनही कमी. तो जमवाल तेवढा पिकांना आणि श्वासाच्या हवेलाच पुरायचा नाही, त्यातला वाटा दारूला द्यायला कोण तयार होईल? पृथ्वीवरून मागवावी तर प्रवासाची सोयीची संधी दर २६ महिन्यांनी येते आणि पोचायला अर्ध्या वर्षाहून जास्त लागतं. वेढा पडलेल्या वसाहतीतली दारू कधीतरी संपणारच. सौरपट्ट्या मात्र रोज सकाळी चालू होतात. आणि लोखंडाने तर मंगळाची माती लाल झालेली आहे. सुई म्हणजे काय, कापलेली तार. कुठल्याही दुरुस्तीघरात रात्रीत हजार होतील.

दहा टक्क्यांचा आकडा आजचा आहे, कथा २१८० ची. अतिसंवाहकता, म्हणजे अजिबात रोध न होता वीज वाहणं, १९११ मध्ये सापडली तेव्हा द्रव हेलियमशिवाय गत्यंतर नव्हतं. १९८७ मध्ये ९३ केल्व्हिनला (उणे १८० अंश सेल्सिअसला) अतिसंवाहक होणारा पदार्थ हाती आला आणि द्रव नायट्रोजनवर भागायला लागलं. चंद्राच्या ध्रुवांवर कायम सावलीत असलेली काही विवरं ५० केल्व्हिनपेक्षा थंड आहेत. तिथे शीतक रायफलीत भरायला नको, रायफल नुसती बाहेर काढून ठेवा.

काटकोन

@विजेरी, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात अतिसंवाहकही तापतो, आणि ही बंदूक चालते तीच बदलत्या क्षेत्रावर. शिवाय विवरातून बाहेर उन्हात आलात की संपलं. सैनिक काय लढाई सावलीत येण्याची वाट बघत बसणार?

बॅटरीचं सांगायचं राहिलं. एक किलो लिथियम-आयनमध्ये सुमारे ९०० किलोज्यूल मावतात, म्हणजे तुमच्याच अटींवर ४५ सुया. एक किलो ५.५६ ची काडतुसं ऐंशीच्या वर भरतात, तीही पुंगळीच्या वजनासकट. त्यात बॅटरी एवढी वीज मिलिसेकंदात सोडू शकत नाही, मध्ये कपॅसिटर लागतो, आणि २०,००० ज्यूल साठवणारे कपॅसिटर काही किलो भरतात. तुमचे साडेचार किलो तिथेच संपले. अमेरिकेच्या नौदलाकडे अख्खं जहाज होतं विद्युत तोफ (रेलगन) वाहायला. तरी २०२१ मध्ये त्यांनी तो प्रकल्प गुंडाळला.

तेलचिंधी

तुम्ही ज्यूल मोजा, मी हातांचं बोलतो. काही वर्षं रायफल खांद्यावर घेतलीय, त्याहून जास्त वेळ ती मांडीवर घेऊन साफ केलीय.

या आराखड्यात एक वाक्य मी शोधत होतो ते सापडलं नाही: अडकली तर काय करायचं? रायफल अडकतेच. चांगली रायफल कमी वेळा अडकते आणि डोळे न वळवता मोकळी करता येते. आजच्या साध्या रायफलीत मॅगझिनला खालून थाप, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता दांडा) खेचला, सोडला, पुन्हा नेम. अंधारात, थकलेल्या हातांनी होतं. तुमच्या शलाकेत सुई वेटोळ्यांच्या मधोमध तिरकी बसली तर ती कुठून बाहेर काढणार? बोल्ट नाही, खिडकी नाही. पुढून गज घालणार? समोर शत्रू असताना?

बिनपुंगळीच्या रायफलीचं स्वप्न जर्मनांनी पाहिलेलं आहे. जी-११ नाव तिचं. ४.७३ मिमी गोळी थेट दारूच्या वडीत बसवलेली, मॅगझिन नळीच्या वर आडवं, अगदी तुमच्यासारखं. तीन गोळ्या इतक्या झपाट्याने सुटायच्या की धक्का खांद्याला जाणवेपर्यंत तिसरी बाहेर पडलेली असायची. कागदावर अप्रतिम. पण पुंगळी नसल्याने चेंबरमधली, म्हणजे गोळी बसते त्या कप्प्यातली, उष्णता बाहेर नेणारं कुणी उरलं नाही आणि सुरुवातीच्या नमुन्यांत तापलेल्या चेंबरमध्ये गोळी आपोआप सुटायची. पुढे जास्त तापमानाला पेटणारी दारू शोधून त्यावर उपाय काढला. तोवर आतली यंत्रणा घड्याळासारखी किचकट झालेली. जर्मनीचं एकीकरण झालं, पैसा आणि गरज दोन्ही आटली, रायफल संग्रहालयात गेली. त्यांच्या सैनिकांना पुढे मिळाली ती जी-३६, साधी, पितळी पुंगळीवाली.

रशियनांची एएन-९४ पण तशीच. पहिल्या दोन गोळ्या मिनिटाला १,८०० च्या वेगाने, आत चक्क कप्पी आणि तार. १९९४ मध्ये स्वीकारली, पण सैनिकांच्या हातात एके घराण्याच्याच रायफली राहिल्या.

बुलपपचं वेगळं लिहितो, जेवून येतो.

उल्कापात

जेवून येईपर्यंत माझंही वाचा. बुलपप मी दिखाव्यासाठी घेतलेली नाही. ऑस्ट्रियाची ऑग घ्या: नळी ५०८ मिमी, एकूण लांबी ७९० मिमी. अमेरिकेच्या एम-१६ ए-२ ची नळी तेवढीच आणि लांबी सुमारे एक मीटर. वीस सेंटिमीटर फुकटात वाचतात. माझे सैनिक हवाबंद झडपांमधून, खाणीच्या नळकांड्यांमधून फिरतात, पाठीवर प्राणवायूचं धूड. त्यांना प्रत्येक सेंटिमीटर महाग आहे. आणि आडवं मॅगझिन जी-११ बरोबर मेलं नाही. बेल्जियमच्या पी-९० बंदुकीत ते ५० गोळ्यांचं आहे, पारदर्शक आहे (तिरकस, नोंद घ्या) आणि गोळी ९० अंशांत वळून खाली चेंबरसमोर येते. १९९० पासून चालू आहे.

जी-११ यंत्र म्हणून हरली असं मला वाटत नाही. ती बनली, चालली, आणि राजकारणाने गेली. माझ्या जगात ते एकीकरण नाही.

तेलचिंधी

राजकारण तुमच्या जगातही असेल, नाहीतर लढाई कशासाठी चाललीय?

आता बुलपप. मांडणी चालते हे मान्यच, ऑग आजही वापरात आहे. पण फ्रान्सने फामास सोडून २०१६ मध्ये एचके-४१६ निवडली, म्हणजे पुन्हा नेहमीची मांडणी. चीनने क्यूबीझेड-९५ नंतर २०१९ च्या संचलनात क्यूबीझेड-१९१ दाखवली, तीही नेहमीच्या मांडणीची. अख्खी सैन्यं बुलपप वापरून परत फिरतात तेव्हा नुसती फॅशन म्हणून सोडून देता येत नाही. मॅगझिन काखेत येतं, बदलताना कोपर आभाळात जातं. चाप पुढे आणि यंत्रणा मागे, मध्ये लांब दांडी, त्यामुळे चाप भुसभुशीत लागतो. डावखुऱ्याच्या गालाशी पुंगळ्या उडतात. (तुमच्याकडे पुंगळी नाही आणि चाप विजेचा, म्हणजे यातले दोन दोष तुम्हाला लागू नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो.) पण काखेतल्या मॅगझिनऐवजी तुम्ही दस्त्याच्या टोकाला बॅटरी ठेवलीत. ती बदलताना रायफल खांद्यावरून उतरवावीच लागेल, आणि पाठीवर ते तुमचं धूड असताना हात मागे किती जातो ते एकदा जाड कोट दोन थरांत घालून बघा.

विजेरी

बॅटरी रायफलीत हवीच कशाला? सूटमध्ये वीज आहेच. एक जाड तार सुटापासून रायफलीपर्यंत. वजन कमरेवर जाईल, कपॅसिटरही तिकडेच.

तेलचिंधी

आणि रायफल हातातून हिसकावली गेली की सैनिक मागोमाग.

तिरकस

विजेरीताई, मग सरळ लेझरच द्या ना. सुई नको, पंख नको, अडकायला काही नको.

काटकोन

लेझरलाही उष्णतेचा तोच शाप, वर एकाच ठिकाणी किरण धरून ठेवायचा. शिवाय त्याला कायद्याची बाजू आहे. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेझर अस्त्रांवर १९९५ च्या आंतरराष्ट्रीय करारपत्राने बंदी आहे, १९९८ पासून लागू. हेल्मेटच्या काचेवर रोखलेला रायफलीएवढा लेझर पहिल्यांदा डोळेच घेईल. २१८० मध्ये तो करार पाळला जातो का, हे उल्कापातांनी ठरवावं. सुईपेक्षा मला तो विषय कथेसाठी जास्त रसाळ वाटतो.

शून्यभार

सगळे रायफलीच्या आत डोकावताय, बाहेर बघा जरा. तीन गोष्टी.

पंख कशासाठी? सुई हवेत सरळ राहावी म्हणून. चंद्रावर आणि सेरेसवर हवा नाही, मंगळावर असून नसल्यासारखी, पृथ्वीच्या साधारण साठाव्या हिश्शाइतकी दाट. तिथे पंख म्हणजे शोभेचे. सुटताना सुई केसभर जरी कलती फिरली तरी निर्वातात तिला सावरणारं काही नाही, ती गिरक्या खात जाऊन आडवी आपटेल. आत पीळ कोरलेल्या नळीतून फिरत निघालेली गोळी मात्र निर्वातातही आपली दिशा धरून ठेवते, कारण स्वतःभोवतीच्या फिरण्याला हवा लागत नाही. म्हणजे वेटोळ्यांच्या बंदुकीलाही सुई फिरवायची काहीतरी युक्ती द्या. पंखांचं पोलाद वाचेल.

दुसरं, हुकलेली सुई. सेरेसवरून सुटून जायला सेकंदाला सुमारे ५१० मीटर वेग पुरतो. तुमची प्रत्येक हुकलेली सुई, आणि आजच्या साध्या रायफलीची गोळीसुद्धा, सेरेस सोडून सूर्याभोवती फिरायला लागेल. कायमची. चंद्रावर तर मजाच. तिथला निसटता वेग २.३८ किमी प्रति सेकंद आणि पृष्ठभागालगत कक्षेत फिरायला १.६८ लागतो. तुमचा २ किमीचा वेग बरोबर मध्ये बसतो. उंच जागेवरून क्षितिजाच्या रोखाने झाडलेली सुई वाटेत डोंगर आला नाही तर लांबट कक्षेत जाऊन चारेक तासांनी चंद्राला वळसा घालून त्याच उंचीवर परत येते, मागच्या बाजूने, त्याच वेगाने. तोवर चंद्र स्वतःभोवती थोडा फिरलेला असतो, त्यामुळे झाडणाऱ्याच्याच पाठीत घुसेल असं नाही. पण काही दशक किलोमीटरवर असलेल्या त्याच्याच छावणीने सावध राहावं. कुठल्याही सेनापतीने या रायफलीला चंद्रावर परवानगी देण्याआधी हा हिशोब मागितला असता.

तिसरं म्हणजे हातमोजा, आणि मला वाटतं सगळा आराखडा इथून सुरू व्हायला हवा होता. दाबसूटच्या आत वातावरणाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा दाब असतो, बाहेर काहीच नाही. मोजा सतत फुगून ताठ व्हायला बघतो. बोट वाकवणं म्हणजे दर वेळी त्या दाबाशी कुस्ती. अंतराळवीरांची बोटांची नखं मोज्यात घासून निखळल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. अशा हाताने नाजूक चाप, छोटी खिटी, मॅगझिनची कळ? विसरा. चाप नकोच. मुठीने दाबायचा लांब तरफेसारखा खटका द्या, ब्रेक दाबतो तसा. आणि तुमचं ‘चाप दाबून धरायचा, रायफलीला पटलं की सुई सुटेल’ हे तर या मोज्यात छळ आहे. दहा सेकंद दाबून धरलं की हात थरथरणार.

उल्कापात

शून्यभार, चंद्राला वळसा घालून येणारी सुई मी चोरली. दुसऱ्या प्रकरणात येतेय.

पण धक्क्याचं कुणीच का बोललं नाही? एक ग्रॅम, दोन किमी, म्हणजे संवेग २ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. सूटसकट दीडशे किलोचा माणूस एका सुईने सेकंदाला सुमारे १.३ सेंटिमीटरने मागे सरकतो. ५.५६ ची चार ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरने जाते, तिचा संवेग ३.६, वर वायूचा धक्का वेगळा. सेरेसवर, जिथे पाय जमिनीला धड टेकत नाहीत, तिथे माझी सुई दारूच्या गोळीपेक्षा निम्म्याहून कमी ढकलते. काटकोन, याला उत्तर द्या.

काटकोन

याला उत्तर नाही, हा गुण खरा आहे. हलकी आणि वेगवान गोळी निर्वातात फायद्याचीच, हवा तिचा वेग खात नाही. पण तो गुण सुईचा आहे, वेटोळ्यांचा नाही. दारूनेही हलकी गोळी वेगात मारता येते. दोन किमी अवघड आहे, दीड शक्य आहे.

एक बघा. अलीकडे सैन्याने घेतलेली, ‘भविष्यातली’ म्हणवणारी रायफल कोणती? अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये निवडलेली ६.८ मिमीची. बाहेरून बघा, तुमच्या आजोबांनाही ओळखू येईल. नवेपण आहे ते काडतुसात आणि दुर्बिणीत. पुंगळीचा बुडखा पोलादी, अंग पितळी, कारण चेंबरमधला दाब चौरस इंचाला ८०,००० पौंडांपर्यंत जातो आणि नुसत्या पितळेला तो झेपत नाही. दुर्बीण अंतर मोजते, हवेचा दाब बघते, नेमाचा ठिपका हलवते. किंमत काय मोजली? मॅगझिन वीस गोळ्यांचं, आणि सैनिकाकडे २१० ऐवजी १४० गोळ्या. भविष्य असं येतं, एका खिशातून घेऊन दुसऱ्यात टाकत.

पानापानात

मी वाचक म्हणून लिहिते, अभियंते मंडळींनी जरा सरकून बसावं.

काटकोन आणि तेलचिंधी यांच्या मनासारखी रायफल केली तर ती बरोबर असेल आणि कुणाच्या लक्षात राहणार नाही. उल्कापातांच्या मनासारखी केली तर लक्षात राहील आणि तिसऱ्या प्रकरणात माझा विश्वास उडेल. शलाकेत मला कमी वाटतं ते वेगळंच. तिचा कुणालाच त्रास होत नाही. दीडशे वर्षं पुढची आहे ना, मग ती कुणीतरी कंत्राट घेऊन बनवली असेल, कुणीतरी मंजूर केली असेल, कुणीतरी तिच्यासाठी वजनाची मर्यादा लिहून मग ती मोडली असेल. अमेरिकेची एक्सएम-२९ आठवा. एकाच बंदुकीत २० मिमीचा हवेत फुटणारा गोळा आणि ५.५६ ची रायफल. सैनिकाला दोन शस्त्रं एकात. वजन आठ किलोच्या घरात गेलं, प्रकल्प २००५ पर्यंत बंद. दक्षिण कोरियाने तशीच के-११ केली, तीही २०१९ मध्ये बंद पडली. या दोन्ही रायफलींच्या कागदांवर सगळे गुण होते.

पाच सुयांनंतर तापणारी शलाका मला हवी आहे. तशीच ठेवा, दुरुस्त करू नका. मग सैनिक पाच मोजून थांबायला शिकतात. शत्रू पाच मोजून बाहेर पडायला शिकतो. जुना हवालदार सहावी मारायची कधी ते सांगतो.

विजेरी

पानापानात यांना +१, पण पाच फारच कमी. मेण भरा. वेटोळ्यांभोवती मेण वितळवून उष्णता साठवता येते, किलोमागे साधारण २०० किलोज्यूल. अर्धा किलो मेणात पाच-सहा सुयांची उष्णता जादा मावते. अकरावर आलो. मेण वितळलं की काडतुसासारखी मेणाची डबी काढून फेकायची, नवी घालायची. घ्या काटकोनराव, फेकून देता येणारी उष्णता.

काटकोन

म्हणजे पुंगळी परत आली. मेणाची!

(कल्पना चांगली आहे, तारेतून मेणात उष्णता किती भराभर जाते त्यावर सगळं. मेण उष्णतेचं वाहक म्हणून फार मंद, आत धातूची जाळी घालावी लागेल, तिचं वजन धरा.)

तेलचिंधी

‘रायफलीला पटलं की मगच सुटेल’ याकडे कुणी वळलंच नाही. मला सगळ्यात जास्त आक्षेप त्यालाच आहे. नेम जुळला की चाप मोकळा करणाऱ्या यंत्रणा आज आहेत, ड्रोन पाडायला वापरतात, तिथे ठीक. पण २०१५ मध्ये दोन संशोधकांनी अशाच एका संगणकी दुर्बिणीच्या रायफलीत वायफायवरून शिरून दाखवलं. आतले आकडे बदलले आणि गोळी भलत्याच लक्ष्यावर गेली, झाडणाऱ्याला पत्ता नाही.

दुसरं असं की सैनिक दर वेळी लक्ष्य मारायला झाडत नाही. बऱ्याच गोळ्या समोरच्याने डोकं वर काढू नये म्हणून झाडलेल्या असतात. भिंतीच्या कडेवर, दाराच्या चौकटीवर, जिथे कुणीच दिसत नाही तिथे. तुमची रायफल म्हणणार, लक्ष्य नाही, सुटणार नाही. आणि माझा जोडीदार उघड्यावर धावतोय.

विजेरी

२०१५ ची गोष्ट अर्धी सांगितलीत काका. ते संशोधक ती रायफल लांबून झाडू शकले नाहीत, कारण चाप शेवटी माणसाच्याच बोटाखाली होता. आणि वायफाय काढलं की तो रस्ताही बंद. धाकासाठी झाडायला एक साधी खिटी द्या, ‘विचारू नकोस’ अशी.

तेलचिंधी

ती खिटी पहिल्या दिवशी तिकडे वळेल आणि परत कधीच वळणार नाही. एम-१६ व्हिएतनाममध्ये गेली तेव्हा हिला साफसफाई फारशी लागत नाही अशी समजूत होती, साफ करायचं सामानही पुरेसं दिलं नव्हतं. दारू मध्येच बदलली, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही. रायफली अडकून माणसं मेली आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या उपसमितीला चौकशी करावी लागली. आराखडा वाईट नव्हता, त्याच रायफलीचा वंश आजही चालू आहे. आराखडा आणि सैनिक यांच्यामधल्या माणसांनी घोळ केला. तुमच्या कथेत ती मधली माणसं कोण आहेत ते ठरवा, खिटीचं तेव्हा बघू.

उल्कापात

ठरवतो. तोवर सध्याची शलाका:

वेटोळी राहणार, विजेरीच्या शेतीच्या मुद्द्यासाठी. पंख गेले, सुई फिरत सुटते, शेवटची दोन वेटोळी पिळासारखी. वजन सहा किलो, बुलपप कायम. हेल्मेटमुळे गाल दस्त्याला टेकत नाहीच, म्हणून दस्ता खांद्याऐवजी सुटाच्या छातीवरच्या खोबणीत अडकतो आणि धक्का सूट घेतो. बॅटरी छातीवर, खोबणीच्या शेजारी, तार वीतभर. मुठीचा खटका. मेणाच्या डब्या. पाच सुयांनंतर तांबडा दिवा, अकरानंतर रायफल स्वतः थांबते.

रायफल स्वतः थांबते हे मी काढणार नाही, कितीही ओरडा.

तेलचिंधी

छातीवरची खोबण आवडली. आता सैनिक पालथा झोपून नेम कसा धरतो ते लिहा. छाती जमिनीला टेकलेली आहे.

तिरकस

पारदर्शक मॅगझिन अजून आहे का?

उल्कापात

आहे. तिरकस, तुमच्यासाठी आत चाळीसच्या जागी तीस सुया आणि दहा रंगवलेल्या.